मेलेल्या दाव्याच्या तारखा

"सांगितलं होतं, एवढंच म्हणायचंय तुला. दोन शब्द. त्यानं काय जीभ झडणारे?"

"नव्हतं सांगितलं, दादा."

"हे तुला ठाऊक, मला ठाऊक. समितीला कुठे ठाऊक आहे?"

"त्यांना ठाऊक आहे. लिफ्टमनना."

"त्यांना? सकाळी काय खाल्लं ते त्यांना संध्याकाळी आठवत नाही. मागे गॅस तसाच ठेवून फिरायला निघाले होते. त्यांची मुलगीच सांगत होती."

आत्याच्या हातातली इस्त्री थांबली. "मुलगी तुला कधी सांगत होती?"

माझे बाबा खिडकीचा पडदा सारखा करायला लागले. पडदा सारखाच होता. "फोन केला होता मी. काल."

"तू तक्रारदाराच्या घरी फोन केलास?"

"माणुसकीनं केला. म्हटलं, वडिलांची तब्येत कशी आहे. म्हटलं, दावा निकाली निघालाय हे आमच्या बहिणीनं त्यांना तेव्हाच तोंडी सांगितलं होतं, वय झालंय, विसरले असतील, तुम्ही मनावर घेऊ नका. मग तीच म्हणाली, हल्ली विसरतात खरे. म्हणजे बघ, तिच्याच तोंडून आलं."

"तू घातलंस तिच्या तोंडात."

"बरं, घातलं. मग काय करू? तुझी सनद जाताना टाळ्या वाजवू?"

"आत्या, पट्टी जळतेय," मी म्हणाले.

खरंच जळत होती. वकिलांच्या काळ्या कोटावर गळ्याशी लावतात ती पांढरी पट्टी. आत्यानं ती उजेडात धरून पाहिली, बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. बाबांना तिनं पुढे एकच शब्द दिला, "बघते." आमच्या घरात 'बघते' म्हणजे हो की नाही, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वकील परिषदेच्या शिस्त समितीपुढे आत्याची सुनावणी होती, आणि तिची बाजू मांडणार होते बाबा, तेही वकीलच. आरोप असा, की लिफ्टमन या तिच्या अशिलाचा दावा कोर्टातून काढून टाकला गेल्याचं तिनं त्याच्यापासून लपवलं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्याला खोट्या तारखा देत राहिली. 'मी सांगितलं होतं, तो विसरला' असं ती म्हणाली असती, तर ते खोडून काढणारा कागद कुणाकडेच नव्हता. समितीनं समज देऊन सोडलं असतं. 'नव्हतं सांगितलं' म्हटलं, की सनद रद्द. मग ती वकील राहणार नव्हती. आणि वकील नसलेली आत्या म्हणजे काय असतं, हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलंच नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "तारीख मिळाली नाही." कोर्टात तिला सुसाट म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला माहीत होतं आणि आवडतही होतं. एका खोलीत उलटतपासणी संपवून दुसऱ्या खोलीत युक्तिवादाला, तिथून जिना उतरून खालच्या मजल्यावर. मागे कोटाचे सोगे उडताहेत, एका बगलेत फायली, दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. वाटेत कुणी आडवं आलं की लोक त्यालाच बाजूला ओढत, "अरे सरक, सुसाट येतेय."

तिच्या कोर्टात एक रीत होती. कुठल्या कायद्यात ती नव्हती, पण ती सगळी इमारत त्या रीतीवर चालायची. तुम्हाला एकाच वेळी दोन खोल्यांत काम असलं, की पहिल्या रांगेत बसलेल्या कुठल्याही वकिलाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "माझं पुकारलं तर बघ हं, आलेच." मग शिपायानं नाव पुकारलं की तो वकील तुमच्यासाठी उभा राहायचा, "साहेब, वकीलबाई शेजारच्या कोर्टात आहेत, जरा मागे ठेवावं." साहेब फाइल खाली सरकवायचे. उद्या त्याच्यासाठी तुम्ही उभं राहायचं. विरुद्ध बाजूचा वकीलसुद्धा उभा राहायचा. आभार वगैरे कुणी मानत नसे.

लिफ्टमनचा दावा गेला त्या दिवशी तिनं ज्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचं स्वतःचं काम आटोपलं आणि तो चहाला गेला. विसरला. शिपायानं लिफ्टमनचं नाव तीनदा पुकारलं. कुणी उभं राहिलं नाही. साहेबांचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, वादी आणि त्याचे वकील गैरहजर, दावा काढून टाकला.

वादी गैरहजर नव्हता. वादी बाहेरच्या बोळात बाकावर बसला होता, थोडा बहिरा, आत्यानं बसवलेला. "तुम्ही इथे बसा, गरज लागली की मी बोलावते."

ती धावत आली, तेव्हा आत पुढचा दावा सुरू झाला होता. कारकुनानं तिला कानात सांगितलं. ती बाहेर आली. लिफ्टमन बाकावरून उठले. "काय झालं, मॅडम?"

"तारीख पडली," आत्या म्हणाली.

हे तिनं मला नंतर सांगितलं, तक्रार झाल्यावर, भांडी विसळता विसळता. "मला खोटं नव्हतं बोलायचं गं. दिवसातून दहा-वीस वेळा म्हणतो आम्ही ते. विचारलं की तेच येतं. तोंडातून गेलं, आणि मग मला वाटलं, बरं झालं, उद्यापर्यंत वेळ मिळाला."

"मग उद्या काय झालं?"

"उद्या गर्दी होती."

दावा पुन्हा उभा करता येतो. तसा अर्ज असतो, त्याला मुदत असते. पण त्यात स्वतःच्या सहीनं लिहावं लागतं, की माझ्या हलगर्जीपणामुळे माझ्या अशिलाचं नुकसान झालं. ते साहेब वाचणार, चष्म्यावरून बघणार. मग ती बातमी चहाच्या टपरीवर जाणार. सुसाट पोचली नाही. एवढं एक वाक्य लिहायला तिचा हात होईना. दुसऱ्यांचे असले अर्ज तिनं ढिगानं लिहिले होते. मुदत गेली. आणि मधल्या काळात तिनं सहज म्हणून सांगितलेली तारीख उजाडली, आणि लिफ्टमन आले.

त्यांचं प्रकरण साधं होतं. ते एका मोठ्या रुग्णालयात लिफ्ट चालवायचे. लिफ्टचा दरवाजा अडकतो, असं त्यांनी वरच्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. एक दिवस स्ट्रेचरवरच्या रुग्णासकट लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. काढेपर्यंत रुग्ण गेला. रुग्णालय म्हणालं, लिफ्टमन जागेवर नव्हता. लिफ्टमन म्हणाले, मी जागेवर होतो, स्टुलावर, बटण दाबत होतो. त्यांना काढून टाकलं. त्यांनी दावा लावला तो भरपाईसाठी नव्हे. न्यायाधीशाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं त्यांना, हा माणूस जागेवर होता. बस.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती कोर्टाच्या त्या बोळातच. शाळा सुटल्यावर आत्याची वाट बघत मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "कितव्या मजल्यावर?" मला कळेना. "म्हणजे कितवीत आहेस?" मी सांगितलं. "हां, म्हणजे अजून बरंच वर जायचंय," ते म्हणाले. कुठल्याही खोलीत शिरले की ते दाराजवळच एका अंगाला उभे राहत, सगळ्यांना आत जाऊ देत. कोर्टातल्या लिफ्टमधे मात्र कधी पाऊल ठेवलं नाही. गुडघे धरत जिना चढायचे.

तर ते येत राहिले. आत्या तारीख द्यायची, ते वेळेच्या आधी येऊन बाकावर बसायचे. आत्या फाइल घेऊन त्यांच्या देखत कोर्टाच्या खोलीत शिरायची. आत मागच्या भिंतीशी उभी राहायची. दुसऱ्याच कुणाचं तरी काहीतरी चाललेलं असायचं. जरा वेळानं बाहेर यायची आणि मान हलवायची. "समोरच्यांनी वेळ मागितला." "साहेब रजेवर आहेत." "आज बोर्ड मोठा होता, आपला नंबर आलाच नाही." ते म्हणायचे, "असू द्या मॅडम, तुम्ही आहात ना." आणि जिना उतरायला लागायचे.

यापेक्षा मला जास्त छळतं ते घरातलं. ती घरी त्या दाव्याची तयारी करायची. खरी तयारी. मी तेव्हा मोठी होत होते आणि मला नाटकाचं वेड लागलेलं होतं, त्यामुळे रुग्णालयाचा व्यवस्थापक मी व्हायचे. जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसायचं, बाबांचा कोट घालायचा.

"तुमचं म्हणणं, लिफ्टमन जागेवर नव्हता."

"नव्हता."

"तुम्ही स्वतः कुठे होतात?"

"माझ्या खोलीत."

"तुमच्या खोलीतून लिफ्ट दिसते?"

"नाही, पण…"

"दिसते की नाही एवढंच विचारलं."

"नाही."

"मग जागेवर नव्हता हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या माणसाचं नाव सांगा. नाही आठवत? पाणी हवंय का?"

मला खरोखर घाम फुटायचा. शेवटी ती समोरच्या कपाटाकडे वळायची, तेच आमचे न्यायाधीश, आणि हळू आवाजात म्हणायची, "हा माणूस जागेवर होता." मग मला म्हणायची, "खाली बसा." मी म्हणायचे, "मी बसलेलीच आहे." बाबा पेपरामागून विचारायचे, "हरला का व्यवस्थापक? बिचाऱ्याला एकदा तरी जिंकू द्या रे." आम्ही हसायचो. आत्यापण हसायची. हा दावा जगात कुठल्याच कोर्टात उरलेला नाही, हे त्या टेबलाशी एकट्या तिला माहीत होतं.

पुढे तिच्या कानांना काहीतरी झालं. भाजी चिरता चिरता मान वर करायची. "पुकारलं का?"

"इथे कोण पुकारणार आत्या?"

"नाही, वाटलं."

नळ सोडला, कुणी खुर्ची सरकवली, रस्त्यावरून फेरीवाला ओरडत गेला, की तिला लिफ्टमनचं नाव ऐकू यायचं. शिपाई पुकारतो तसं, लांबवून. एकदा. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मात्र यायचं नाही. ती सुरी तशीच धरून तिसऱ्याची वाट बघत राहायची. आणि कोर्टात ते तिला तारीख नसलेल्या दिवशीही बाकावर दिसायला लागले. कधी ते खरंच असायचे. "काही काम नव्हतं मॅडम, सवयीनं आलो," म्हणायचे. कधी तो दुसराच कुणी म्हातारा असायचा. कोण आहे ते जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही, आणि जवळ जायला ती घाबरायची. सुसाट आत्या मागच्या जिन्यानं जायला लागली. कोर्टात लोक म्हणाले, बाई थकल्या.

हे फुटलं अगदी साधेपणानं. लिफ्टमनचे गुडघे फार दुखायला लागले म्हणून एका तारखेला त्यांची मुलगी सोबत आली. ताटकळून कंटाळली. आपला नंबर कधी येईल, असं तिनं कोर्टाच्या चौकशीच्या खिडकीवर विचारलं. खिडकीतल्या माणसानं शोधून सांगितलं, बाई, हा दावा कधीच बंद झालाय. मुलगी परत बाकाशी आली, तेव्हा आत्या नुकतीच खोलीतून बाहेर येऊन म्हणत होती, "तारीख पडली."

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. परिषदेची कचेरी वरच्या मजल्यावर होती. आम्ही लिफ्टनं गेलो. लिफ्टमन मुलीचा हात धरून जिन्यानं आले आणि धापा टाकत भिंतीशी उभे राहिले. बाबा कारकुनाशी बोलायला गेल्यावर ते हळूहळू आमच्याकडे आले.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"तुम्ही मला सांगितलं होतं का?"

आत्या गळ्याची पट्टी सारखी करायला लागली.

"मुलगी म्हणाली, तुमच्या भावाचा फोन आला होता. तेव्हापासून मी आठवून बघतोय. काहीच येत नाही. पण न येण्यावर तरी आता काय भरवसा? गॅस चालू ठेवल्याचंही मला आठवत नाही. आणि गॅस तर चालू होता."

"अप्पा, चला, बसा तिकडे," मुलगी म्हणाली. तिनं आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थांब गं. मॅडम, दावा गेला तर गेला, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही सांगितलेलं मी विसरलो असेन, तर मग त्या दिवसाचं काय? मी स्टुलावर होतो, असं मी म्हणतो. एवढी वर्षं म्हणतोय. ते कशावरून? माझ्याच आठवणीवरून ना? कालपासून मला तो दिवस धड दिसेनासा झालाय. स्टूल दिसतं. पण मी त्याच्यावर दिसत नाही."

आत्याचे ओठ उघडले. तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं. ह्या वेळी खरंच. तिचं.

आत तीन जण होते, मधे अध्यक्ष. त्यांनी कधीकाळी आत्याच्या विरुद्ध दावे लढवले होते आणि हरलेही होते. बाबा उभे राहिले, "माझ्या अशिलानं तक्रारदाराला वेळीच तोंडी कल्पना दिली होती. तक्रारदारांचं वय आणि प्रकृती पाहता…"

"त्यांनाच विचारू," अध्यक्ष म्हणाले. "बाई, तुम्ही यांना सांगितलं होतं?"

बाबांनी टेबलाखालून तिच्या बुटाला बूट लावला.

"नाही."

"म्हणजे त्या वेळी नाही, की…"

"कधीच नाही. हे काहीही विसरलेले नाहीत. विसरायला मी त्यांना काही सांगितलेलंच नव्हतं."

बाबा सावकाश खाली बसले.

"मग या तारखा?"

"मी द्यायचे. मनानंच."

"आणि हे यायचे?"

"यायचे. वेळेच्या आधी."

"तुम्ही आत जाऊन काय करायचात?"

"उभी राहायचे. मग बाहेर यायचे."

डावीकडच्या सभासद बाईंनी पेन खाली ठेवलं. "पण का? एवढ्या वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"पहिल्या दिवशी लाज वाटली," आत्या म्हणाली. "पुढे लाज नव्हती. पुढे ते बाकावर बसलेले असायचे. त्यांना वाटायचं दावा चालू आहे. त्यांना वाटतंय तोवर मलाही वाटायचं. घरी मी तो दर वेळी जिंकायचे."

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. फार वेळ लागला नाही. परत बोलावलं आणि अध्यक्षांनी वाचून दाखवलं. गंभीर गैरवर्तन, अशिलाची दीर्घकाळ फसवणूक, वकिलांच्या यादीतून नाव कमी करण्यात येत आहे, सनद रद्द. आत्या सवयीनं म्हणाली, "आभारी आहे, साहेब." कुणीतरी खोकलं.

लिफ्टमन दाराजवळ उभे होते. तिथूनच म्हणाले, "आणि माझं?"

"आजोबा, तुमची तक्रार मान्य झाली," अध्यक्ष जरा मोठ्यानं म्हणाले.

"हो, ते ऐकलं. पण माझं? मी जागेवर होतो की नव्हतो?"

"तो प्रश्न या समितीपुढे नाही."

"मग कुणापुढे आहे?"

सभासद बाई म्हणाल्या, "आता तसा कुणापुढेच नाही. मुदत गेली ना त्याची."

लिफ्टमननी मान हलवली, कळलं अशी. मग ते मुलीचा हात सोडून, खुर्च्यांना धरत धरत आत्यासमोर आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, मघाशी तुम्ही खरं सांगितलंत. डोकं ठिकाणावर आहे माझं, एवढं तरी कळलं. आता हेही सांगून टाका. सगळे कागद तुम्ही वाचलेत. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. बाकी कुणाचं नको मला, तुमचं चालेल. मी होतो ना स्टुलावर?"

आमच्या जेवणाच्या टेबलाशी ते दर वेळी स्टुलावर होते. मीच कबूल केलं होतं, बाबांचा कोट घालून. पण खऱ्या व्यवस्थापकाला कुणीच काही विचारलेलं नव्हतं. त्याला कुणी खुर्चीवर बसवलंच नव्हतं, आणि आता बसवणारही नव्हतं.

"हो म्हण," बाबा पुटपुटले. त्यांचा आवाज पार दमला होता. "एवढं तरी म्हण गं त्यांना. आता तुझं काय जातंय?"

आत्या लिफ्टमनकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, आणि मला वाटलं, आता ती काहीतरी चांगलं, सोपं, म्हाताऱ्याला घरापर्यंत पुरेल असं म्हणेल. ते तिला फार छान यायचं.

तिनं तोंड मिटलं. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली. मग लिफ्टमनच्या अगदी जवळून, त्यांच्या धापेचा वारा लागेल इतक्या जवळून, ती गेली आणि दार उघडून बाहेर पडली.